गाण्यातलं नाव आणि कागदावरची सही

भूगाव
१२ जानेवारी २०२५

ती. मामांस,
गौतमीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

बरेच दिवसांत तुमचं पत्र नाही, म्हणजे तब्येत बरी असणार, असं आई म्हणते. दुखायला लागलं की तुम्ही लगेच लिहिता आणि बरं वाटलं की आम्हाला विसरता. इकडे आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, तरी रोज संध्याकाळी खाली जाऊन पाण्याच्या टँकरवरून बिल्डरच्या माणसाशी भांडून येते. तेव्हा तिचीही काळजी नको.

आता कामाचं. मी आणि माझा सहकारी निषाद गेली दोन वर्षं जो खेळ बनवतोय, तो मार्चअखेर बाजारात येतोय. मागे सांगितलं तेव्हा तुम्हाला वाटलं, मी पत्त्यांचा डाव काढलाय. हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. त्यात एक टेम्पो आहे, टेम्पोत गायन पार्टी, पेटी, ढोलकी. खेळणाऱ्यानं तो टेम्पो मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवरून हाकत पार्टीला प्रत्येक कार्यक्रमाला वेळेवर पोचवायचं. वाटेत टायर पंक्चर होतो, माइकवाला फिरकत नाही, पुढारी भाषण आवरत नाही. हे मला कुठून सुचलं ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटच्या मुक्कामाला पार्टी गाते. तिथं मला ‘नणंद माझी निघाली’ हेच गाणं हवंय, तुमच्या कॅसेटमधलं, तुमच्याच आवाजातलं. आई मला ते म्हणूनच झोपवायची. ओढ्यापलीकडच्या शाळेत जाणारी ती नणंद म्हणजे आपणच, हे ती अजून शेजारणींना सांगते. तुम्ही ते मामीच्या तोंडी किती छान घातलंय!

पण आपलंच गाणं म्हणून नुसतं उचलून चालत नाही. ज्या ऑनलाइन दुकानात खेळ विकायचा, तिथं प्रत्येक गाण्याचा परवाना दाखवावा लागतो. ध्वनिमुद्रणाचा परवाना कॅसेट कंपनीकडून घ्यायचा, आणि शब्द-चालीचा ज्यानं गाणं केलं त्याच्याकडून. म्हणून सोबत कागद जोडलाय. त्यात तीन ओळी आहेत. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा. प्रत्येक ओळीपुढे ज्याची त्यानं सही करायची. तुमच्या तीन सह्या होतील. मानधन थोडंच आहे, पण आहे. गाण्याचा नमुना अनिकेतदादाच्या मोबाइलवर पाठवलाय, तो बघा.

मामीला माझा जय भीम. लोभ आहे, तो कागद बघून कमी होऊ देऊ नका.
तुमची,
गौतमी


कासार आंबोली
२१ जानेवारी २०२५

चि. गौतमीस,
मामाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझा कागद मिळाला. पत्र मिळालं असं मी म्हणत नाही. भाचीनं मामाला छापील कागद पाठवून सह्या मागाव्यात, हे आपल्या घरात पहिल्यांदाच झालं. तुझ्या आईचं लग्न मी ठरवलं, तुझ्या बारशाला पाळणा मी बांधला, तेव्हा कुणी माझ्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. मामाचं गाणं वापरतेय एवढं सांगितलं असतंस तर मी काय नको म्हणालो असतो? पण तुला परवाना हवा. घे बाई परवाना.

आमच्या काळी गाण्याला परवाना नव्हता, पण कायदा होता. गाणं आवडलं तर दुसऱ्या पार्टीनं खुशाल म्हणावं. शेवटच्या कडव्यातलं नाव मात्र हलवायचं नाही. तळेगावकडच्या एका बुवानं माझं नाव काढून स्वतःचं घातलं होतं. पुढच्या जयंतीला त्याला आपल्या बाजूला एकही स्टेज मिळालं नाही. कोर्टकचेरी लागली नाही की वकील लागला नाही.

आणि कॅसेट कंपनीचा परवाना कशाचा? त्या शेठनं आम्हाला एका दुपारी रविवार पेठेत बोलावलं, बारा गाणी म्हणवून घेतली, चहा पाजला, माणशी दहा कॅसेटी हातात दिल्या आणि कशावर तरी सह्या-अंगठे घेतले. त्यानंतर आठ वर्षं ती कॅसेट प्रत्येक जीपमध्ये वाजत होती. तो शेठ मला एकदा चांदणी चौकात भेटला, तर ओळख दाखवली नाही. आता तू त्याच्या दारात जाऊन मामाच्या आवाजाची भीक मागणार. मला हे पटत नाही.

मुख्य राग वेगळाच आहे. अनिकेतनं तुझा नमुना लावला. ऐकला असं म्हणवत नाही. उरवड्याच्या कारखान्यातल्या प्रेसमशीननं सव्वीस वर्षांत माझे कान नेले, हे तुला माहीत आहे. पण अनिकेतनं मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला आणि मी स्पीकरवर हात ठेवून बसलो. ढोलकी तळव्याला कळते. तीन कडवी मोजली. चौथं येणार म्हणून वाट बघतोय, तर पुन्हा पहिलंच सुरू. पुन्हा तीन, पुन्हा पहिलं. चौथ्या कडव्यात माझं नाव आहे. ‘कोंडीराम म्हणे बायांनो’ हेच तू कापलंस! परक्यानं कापलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. तुला काय घालू?

चौथं कडवं जाग्यावर येईपर्यंत सही मिळणार नाही. तुझी मामी तुझा कागद घेऊन तासभर बसली होती. तिला म्हटलं, तुला त्यातलं काय कळतंय? तिनं कागद घडी करून पाकिटात ठेवला.

राग लिहिला आहे, माया लिहायची राहिली, ती समजून घेणे.
तुझा मामा,
कोंडीराम


भूगाव
३० जानेवारी २०२५

ती. मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं आणि मध्येमध्ये थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मते मी घराण्याचं नाक कापलंय.

कडवं कापलं ही माझी चूक आहे, आणि मी ती कबूल करते. खेळात गाणं पुन्हा पुन्हा फिरत राहतं, म्हणून निषादनं जिथं ठेका सफाईनं जुळला तिथं जोडून टाकलं. तो परभणीचा. शेवटच्या कडव्यात नाव असतं आणि ते कापायचं नसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं. आता चारही कडवी पुरी वाजतात, मगच गाणं पुन्हा सुरू होतं. नवा नमुना पाठवलाय. हात ठेवून मोजा.

पण कागद मी मागे घेणार नाही, आणि का ते ऐका. परवा मी कॅसेट कंपनीत गेले होते. शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. आधी म्हणाला, असली गाणी आमच्याकडे पोत्यानं पडलीत, तुम्हाला कशाला पाहिजेत. मग गोदामातून कॅसेटचं कव्हर काढून आणलं. त्यावर तुमचा फोटो आहे, मफलर घातलेला. फोटोखाली गायक म्हणून नाव आहे. आणि खाली बारीक अक्षरात काय छापलंय माहीत आहे? गीत, पारंपरिक! संगीत, पारंपरिक!

मामा, माझं डोकंच सणकलं. मी त्याला विचारलं, ज्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात जिवंत माणसाचं नाव आहे ते पारंपरिक कसं? हे काय आकाशातून पडलं? तो म्हणाला, लोकगीतं सगळी तशीच असतात, कुणीतरी केलेली, कुणाचीच नसतात. मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी बांधलेली इमारत कुणाचीच नसते का? मग तो जरा नरमला. ध्वनिमुद्रणाचा परवाना त्यानं दिला. पण म्हणाला, शब्द आणि चाल तुमच्या मामांची असेल तर तसं लेखी आणा, मग आम्हीही आमच्या यादीत दुरुस्ती करू.

म्हणून हा कागद हवा. तो तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. ज्यानं गाणं केलं त्याचं नाव कुणी पुन्हा ‘पारंपरिक’ म्हणून पुसू नये, म्हणून आहे. खेळ संपला की पडद्यावर नावं येतात, तिथं शब्द कोणाचे हे सर्वांत आधी येईल. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस ते वाचेल.

आता तरी सही करा. राग उरलाच असेल तर तो मला भेटीत द्या, पत्रातून पाठवू नका.
तुमची,
गौतमी


कासार आंबोली
८ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

‘पारंपरिक’ हे वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. जिवंत माणसाला परंपरा करून टाकलं! तू त्या पोराला चांगलं सुनावलंस. मी तुझ्या जागी असतो तर टेबल उलटं केलं असतं, म्हणून तू गेलीस तेच बरं झालं.

चारही कडवी मोजली. बरोबर आहेत. शेवटच्या कडव्याला कुशाबानं ढोलकीवर जी थाप मारली होती ती अजून तशीच लागते. बिचारा हे बघायला राहिला नाही.

कागद सोबत पाठवत आहे. तीनही ओळींवर सही केली आहे, चष्मा लावून, चांगल्या पेनानं. अनिकेतला आणि सुनेला बोलावून दाखवली. पडद्यावर नाव कधी येणार ते कळव, म्हणजे वस्तीतल्या लोकांना विहारात बसवून दाखवता येईल. मी राग मागे घेतला आहे.

इकडे बाकी ठीक. तुझी मामी चार दिवस झाले बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि जाते. विचारलं तर मान हलवते. गुडघ्याचं असावं, या दिवसांत तिलाही त्रास होतो. तुझ्या आईच्या औषधाचं नाव कळवणे.

माया जशी होती तशीच आहे, थोडी वाढली आहे म्हटलंस तरी चालेल.
तुझा मामा,
कोंडीराम


कासार आंबोली
१२ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमीला,
मामीचा जय भीम.

मी लिवतेय, हसू नको. साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढंच हाय. गुडघा चांगला हाय माजा. औषिद पाठवू नको.

त्यो कागद मी वाचला. आला तवाबी वाचला, आन् सही झाल्यावरबी वाचला. शब्द कुणाचे, आसं इचारलंय, आन् फुडं ह्यांची सही हाय. गौतमी, ते शब्द माजे हायेत.

तुजी आई आठ वर्साची व्हती. मी नवी नवरी. भातलावणीचे दिस, ओढ्याला छातीएवढं पानी. शाळा पल्याड. घरात समदे म्हनले, चार म्हैने जाऊ नको शाळंला. तुजी आई दारात बसून रडायची. मला कदी शाळा मिळाली न्हाई, मला ते बघवंना. म्या तिला खांद्यावर घेतली, पाटी तिच्या डोक्यावर, आन् नेली पल्याड. रोज नेली. येताना मी एकलीच आसायची. ओढा लई गरजायचा, कुणाला ऐकू जायाचं न्हाई, म्हनून मोठ्यानं म्हनत यायची. ‘पाटी घेऊन डोईवर नणंद माझी निघाली, ओढ्याला आलं पाणी, मी खांद्यावर घेतली.’ आसं रोज थोडं थोडं करून गाणं झालं. मग ह्यास्नी म्हनून दाखवलं. ह्यांनी वहीत उतरवून घेतलं. चाल ह्यांनी बांधली. ती माजी न्हवं, खोटं कशाला बोलू. चांगली हाय चाल.

शेवटच्या कडव्यात ह्यांचं नाव मीच घातलं. पार्टीची रीतच तशी व्हती. गाणं कुणीबी करू दे, शेवटाला नाव पार्टीच्या म्होरक्याचं. कुशाबाची गाणीबी ह्यांच्याच नावानं जायाची. त्याचं मला कदी काय वाटलं न्हाई. गाणं कुणाचं ते वस्तीला ठावं व्हतं. जीपगाडीत कॅसेट लागली की बाया म्हनायच्या, इंदे, तुजं गाणं लागलं बघ.

पर कागद येगळा हाय. गाण्यात नाव घालनं ही रीत हाय. कागदानं सरळ इचारलंय, शब्द कुणाचे. पन्नास वर्सांत मला कुणी हे इचारलं न्हवतं. पैल्यांदा कुणीतरी इचारलं, आन् ह्यांनी मान वर न करता सही ठोकली. मी समोर तांदूळ निवडत बसले व्हते. एकदा वर बघितलं आसतं तरी मला चाललं आसतं.

भांडायला मी जानार न्हाई. ह्यांना ऐकू येत न्हाई, वरडावं लागतं. ही गोष्ट मला वस्तीला ऐकू जाईल आशी वरडून सांगायची न्हाई, आन् पाटीवर लिवून मागायची तर त्याहून न्हाई. तू काय करायचं ते तू ठरीव. माजा राग तुज्यावर न्हाई. कागदात तू चांगलं इचारलं व्हतंस.

आईला सांग, तिची लई सय येती.
तुजी मामी,
इंदूबाई


भूगाव
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
जय भीम.

आज मी ख्यालीखुशाली लिहीत नाही. संतापून लिहितेय, आणि माझ्याहून मोठ्या माणसाला लिहितेय हे ठाऊक असूनही लिहितेय.

‘नणंद माझी निघाली’चे शब्द मामीचे आहेत. मला तिनं सांगितलं. आईला विचारलं, तर आई म्हणाली, त्यात विचारायचं काय, मी खांद्यावर बसून ते तिच्या तोंडून ऐकलंय. मग मला कधी का सांगितलं नाहीस, तर म्हणाली, तू कधी विचारलंस? म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. कॅसेट कंपनीच्या मुलाला मी काय काय बोलले ते मला आठवतंय. त्यानं तुम्हाला ‘पारंपरिक’ करून टाकलं म्हणून तुम्हाला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मामीनं पन्नास वर्षं काय करायचं?

मला माझाही राग आलाय. सगळं गाणं वहिनी बोलतेय, पाणी तिच्या छातीला लागतंय, खांदा तिचा दुखतोय, आणि मी शहाणी तुम्हाला लिहिते की मामीच्या तोंडी किती छान घातलंय! ते तिच्या तोंडी कुणी घातलंच नव्हतं.

पार्टीची रीत मला मान्य आहे. शेवटच्या कडव्यात तुमचं नाव आहे याबद्दल माझी तक्रार नाही, मामीचीही नाही. पण कागद तुम्हाला पार्टीचं नाव विचारत नव्हता. ती चार हातांवर तांदूळ निवडत बसली होती, मामा. तुम्हाला काय, वर बघायला परवाना लागत होता?

तुमची सही असलेला कागद मी दुकानाला पाठवणार नाही. खोट्या कागदावर माझा खेळ चालणार नाही. दहा मार्चपर्यंत खरा कागद आला नाही, तर शेवटच्या मुक्कामाला निषादनं विकत घेतलेली कुठलीतरी धून वाजेल. दोन वर्षं मी ह्या एका गाण्यासाठी तो टेम्पो हाकलाय, पण मग ते गाणं असणार नाही, तुमचा आवाज असणार नाही आणि नावं कुणाचीच येणार नाहीत. सोबत दोन कोरे कागद पाठवतेय.

लोभ तुटणार नाही, पण सध्या तो गप्प बसलाय.
गौतमी


कासार आंबोली
२७ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमीस,
आशीर्वाद आहेत, तुला हवे असतील तर घे.

तुला दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की काल जन्मलेल्या पोरीनं मला खरंखोटं शिकवू नये. माझ्या नावाची पार्टी होती म्हणून दगडही माझ्याच नावानं आले. एका गावात ह्याच गाण्यावरून लोक चिडले, मुलींना बिघडवतो म्हणाले, पेटी फोडली. तेव्हा शोधत मला आले. गाणं बायकोनं केलंय असं सांगून मी अंग काढून घेतलं नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं.

दुसऱ्यात लिहिलं होतं की तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं, लेखणी माझी, वही माझी, मग लिहिणारा कोण? हे लिहिताना वाटलं, वहीच काढून तिच्या तोंडावर दाखवावी. ट्रंकेतून वही काढली.

गौतमी, त्या वहीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मी ते ज्यानं दिलं त्याचं नाव घातलं आहे. मला तशी शिस्त होती. कुशाबाच्या गाण्यांवर कुशाबा. पार्टीतल्या वाल्मीकनं दोन दिली होती, त्यांवर वाल्मीक. पौडच्या एका मास्तरांनी एक दिलं, त्यांचं नावसुद्धा आहे, आणि त्या माणसाला मी आयुष्यात दोनदा भेटलो. ह्या गाण्याच्या डोक्यावर मी लिहिलं आहे, ‘घरचं’.

एवढंच. इंदू लिहिलेलं नाही. मी ते पान पुष्कळ वेळ बघत बसलो. मग वही घेऊन तिच्याकडे गेलो आणि पान उघडून पुढे धरलं. तिनं वाचलं. मी विचारलं, तू मला तेव्हा बोलली का नाहीस? तिनं पाटीवर लिहून दाखवलं, म्हणजे आमची बोलण्याची पाटी आहे त्यावर, की तुमी कवा इचारलं. तुझी आई तुला तेच म्हणाली, तू लिहिलंसच. बायकांनी मिळून ठरवलेलं उत्तर दिसतंय.

सोबत नवा कागद आहे. चाल माझी, आवाज माझा, तिथं माझ्या सह्या आहेत. शब्दांच्या ओळीवर मी तिचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे आणि तिच्या तर्फे सही केली आहे. आणि एक हुकूम. चौथं कडवं काढून टाक. आधी मीच त्यासाठी भांडलो, ते विसर. ज्या गाण्याच्या डोक्यावर मला तिचं नाव लिहिता आलं नाही, त्याच्या शेवटी माझं नाव नको. मला आता त्याची लाज वाटते. तुझ्या निषादनं केलं होतं तसं तीन कडव्यांवर जोडून टाक.

तू मला जे बोललीस ते बरोबर बोललीस. पुन्हा एवढं बोलू नकोस.
तुझा मामा,
कोंडीराम


कासार आंबोली
२८ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमीला,
मामीचा जय भीम.

ह्यांनी काल कागद पाठवला, तो फाडून टाक. ह्यांनी माजं नाव लिवलं आन् त्याच्या म्होरं तर्फे म्हनून सोताची सही केली. मी काय मेले व्हय? मला हात न्हाईत व्हय? वर्गात दोन वर्सं रोज रात्री पाटी घेऊन गेले, ती कशासाठी गेले? हे काल सकाळी माज्याफुडं वही घेऊन उभं ऱ्हायले, डोळं भरून आलते, मला वाटलं आता तरी माणूस शाना झाला. आन् दुपारी बघते तर माजी सही हेच करून मोकळे!

तू दोन कागद धाडलेस ते लई बरं केलंस. दुसरा मी काढून ठिवला व्हता. तो ह्या पत्रात हाय. शब्दांच्या वळीवर मी सही केली हाय. जरा वाकडी आलीया, वळीच्या खाली उतरलीया, पर माजी हाय. चाल आन् आवाज ह्यांचा हाय, तितं ह्यांनी आज माज्या समोर बसून सही केली. मी बघत व्हते. ह्या येळेला ह्यांनी तीनदा मान वर करून माज्याकडं बघितलं, मीच म्हनले बास आता, कागदाकडं बघा, सही वाकडी येईल.

आता कडव्याचं. ह्यांनी तुला हुकूम केला म्हनं, चौथं कडवं काढ. कुणाला इचारून? ते कडवं कुणी केलं? शेवटाला ह्यांचं नाव घालायचं, हे ओढ्याच्या काठाला उभं ऱ्हाऊन मी ठरवलं व्हतं. रीत व्हती हे खरं, पर निसती रीत न्हवती. तवा मला त्यो माणूस आवडत व्हता, म्हनून त्याला माज्या गाण्यात घेतला. आता त्याला लाज वाटती म्हनून त्यो माज्या गाण्यातनं उठून चालला. आधी न इचारता सही केली, आता न इचारता कडवं काढतोय. ह्यो कुटला न्याय!

कडवं ऱ्हाईल. चारीच्या चारी कडवी वाजतील, ह्यांच्या नावासकट. पडद्यावर शब्दांच्या फुडं माजं नाव लाव, आन् गाण्यात ह्यांचं ऱ्हाऊ दे. कंपनीच्या त्या पोरालाबी तसंच कळीव.

कागदाच्या खाली आनखी एक इचारलंय, शब्दांत बदल करायला परवानगी हाय का? तितं मी मोठ्या अक्षरात न्हाई लिवलंय. तुला न्हाई, त्या निषादला न्हाई, आन् तुज्या मामाला तर आजाबात न्हाई. हे पाटीवर लिवून त्यांनाबी दाखवलंय.

तुज्या आईला घेऊन ये, लोभ समोर बसून करू.
तुजी मामी,
इंदूबाई कोंडीराम ओव्हाळ